खाली नसलेला ताल

घणसोलीत दादाच्या कंपनीतल्या मित्राच्या मुलीची हळद होती. मांडवात धवलारणी धवला, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणत होत्या, बाहेर गल्लीच्या तोंडाशी टेम्पोवर चार बेस चार टॉप लावलेले, आणि मधे आम्ही पाहुणे, हातात सरबताचे ग्लास धरून, कुठल्या बाजूला कान द्यावा ते न कळून उभे. धवला कुणालाच ऐकू येत नव्हता, पण म्हणणाऱ्या बायकांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. तेवढ्यात डीजेवाल्या पोराने पुंगी लावली. पुंगी म्हणजे नागीण डान्सची तीच, दुसरी कुठली असते? वरातीत, विसर्जनात, ऑफिसच्या पिकनिकला, जिथे म्हणून चार माणसं लाज सोडतात तिथे ती वाजतेच. भाच्याचा एक मित्र पिवळ्याजर्द शर्टासकट जमिनीवर लोळायला लागला आणि भाचा रुमालाचं टोक दातांत धरून, दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून त्याच्यापुढे गारुडी झाला. दमल्यावर त्याच रुमालाने घाम पुसत माझ्याजवळ आला आणि कानाशी तोंड आणून ओरडला, "आत्या, इलेक्ट्रॉनिक म्युझिक आपलं नाहीच गं! शिकागो, डेट्रॉईट, बर्लिन. आपण नुसतं उचललं."

बेसने छाती हादरत असताना वाद घालता येत नाही. मी ग्लास रिकामा केला.

पण ते वाक्य घरी येईपर्यंत आणि नंतरही डोक्यात घोळत राहिलं, कारण तो ज्या सुरावर गारुडी झाला होता तो सूर पुंगीचा नाहीच. तो यंत्राचा आहे. १९५४ सालच्या ‘नागिन’मधल्या ‘मन डोले’ची ती पुंगी वाजवली कल्याणजी वीरजी शहांनी, क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर. संगीत हेमंतकुमारांचं, जोडीला हार्मोनियम रवींची. कल्याणजी तेव्हा नामवंत संगीतकार झालेले नव्हते, वादक होते. क्लॅव्हिओलिन म्हणजे तीन सप्तकांचा छोटा कीबोर्ड, पोटात व्हॉल्व्ह, एका वेळी एकच सूर निघणार, आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायचा एक दांडा. कॉन्स्टंट मार्तँ नावाच्या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमाराला तो बनवला. आवाज नाकातला, किंचित थरथरणारा, चिकट. खऱ्या पुंगीला लताबाईंच्या पट्टीत बसवून, हव्या त्या वेगाने, हव्या त्या जागी थांबवायचं म्हणजे गारुड्याचीच परीक्षा. मशीनला ते अडचणीचं नव्हतं. म्हणजे तिथे भविष्याचा विचार वगैरे कुणी करत नसणार. एक सिनेमा होता, एक नाग होता, आणि पट्टीत राहील अशी पुंगी हवी होती.

त्यानंतर आठ वर्षांनी, १९६२ साली, लंडनच्या हॉलोवे रोडवर चामड्याच्या सामानाच्या दुकानावरच्या फ्लॅटमध्ये जो मीक नावाच्या विक्षिप्त ध्वनिमुद्रकाने ‘टेलस्टार’ ही गाणं नसलेली रेकॉर्ड बनवली. वाजवणारा बँड टोर्नेडोज, आणि मुख्य धून तीच, क्लॅव्हिओलिनवर. त्याच वर्षी टेलस्टार नावाचा दळणवळण उपग्रह आकाशात गेला होता, त्याच्या नावाची ही धून. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली, कुठल्याही ब्रिटिश बँडची तशी पहिलीच. आजही पॉपमधल्या इलेक्ट्रॉनिक आवाजाचा इतिहास सांगताना लोक तिच्यापासून सुरुवात करतात. मी दोन्ही एकापाठोपाठ एक लावून ऐकल्या. थरथर तीच, नाकातला स्वर तोच. लंडनमध्ये ज्या यंत्राचं अंतराळ झालं, त्याचं मुंबईत आधीच वारूळ झालेलं होतं. आणि नाचाचं म्हणाल तर टेलस्टारवर आज कोण नाचतं? पुंगीवर या क्षणी, तुम्ही हे वाचत असताना, कुठेतरी कुणीतरी लोळत असणार.

दादा ऑर्केस्ट्रात होता, म्हणून हा विषय आमच्या घरात शिरला. दिवसा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी, संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन, आणि पुढे जपानी कीबोर्ड. नौपाडा, कोपरी, चेंदणी, किसन नगर. गणपतीचे दिवस आले की मंडळांच्या मांडवांतून त्यांचे कार्यक्रम. मी वही घेऊन स्टेजच्या कडेला बसायचे, फर्माइशी लिहून द्यायला. अ‍ॅम्प्लिफायर तापला की त्यावरची वर्षभराची धूळ जळायची आणि तो वास नव्या मांडवाच्या कापडाच्या वासात मिसळायचा. १९८० च्या ‘कुर्बानी’नंतर प्रत्येक मांडवातून चिठ्ठी यायची ती एकच, ‘आप जैसा कोई’. गाणारी मिळत होती, पण त्या गाण्यात ढोल-तबल्याऐवजी सिंथेटिक ड्रमचा जो खाली घसरत जाणारा ‘पिऊऽ’ आवाज आहे तो आणायचा कुठून? संगीतकार बिद्दूंनी ते लंडनला केलेलं. आमच्या काँगोवाल्याने त्यावर उपाय काढला. काँगोच्या चामड्यावर डाव्या हाताचं कोपर दाबून धरायचं, उजव्या हाताने थाप मारायची आणि लगेच कोपर सैल सोडायचं. सूर घसरत खाली यायचा. अगदी तसा नाही, पण कोपरीच्या पोरांना पुरेसा. त्याचं कोपर गणपतीच्या शेवटाला सोलवटून निघायचं, नारळाचं तेल लावून बसायचा बिचारा.

तेव्हा कुणी कॅसेट भरून आणायचं. तीत डोना समर या अमेरिकन गायिकेचं ‘आय फील लव्ह’ होतं हे मला खूप नंतर कळलं, कारण कॅसेटवर नुसतं ‘इंग्लिश डिस्को’ असं लिहिलेलं. १९७७ सालचं गाणं, म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी केलेलं. ते ज्या अल्बममध्ये होतं त्यात एकेक गाणं एकेका जुन्या काळाच्या बाजाचं होतं, आणि शेवटचं भविष्याचं असावं अशी कल्पना होती. म्हणून सगळी वाद्यं मोग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या यंत्रावर. माणसाचं काय उरलं तर तिचा गळा आणि बास ड्रमचे ठोके. तो मोग गरम होऊन सारखा सुरातून उतरायचा, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने ध्वनिमुद्रण करावं लागलं. बेसची एकच ओळ, आणि तिचाच किंचित उशिरा येणारा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात. दोन्ही मिळून ती दुप्पट धावते. हेडफोनचा एक कान काढला तर गाणं निम्मं होतं, करून बघा. या गाण्यातून पुढे हाउस, टेक्नो, ट्रान्स असे यंत्रावरच्या नाचाच्या संगीताचे सगळे प्रकार फुटले, असं म्हणतात, आणि ऐकल्यावर ते म्हणणं फार ताणलेलं वाटत नाही. गंमत म्हणजे या सगळ्यांत ‘आम्ही भविष्य करतोय’ असं ठरवून केलेली रेकॉर्ड हीच. बाकीच्यांनी आपापली कामं केली.

क्राफ्टवेर्क या जर्मन बँडबद्दल मी फार लिहिणार नाही, त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. एवढंच, की त्यांचं ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’ मी ऐरोली ते कोपरखैरणे या टप्प्यात ट्रान्सहार्बरच्या डब्यात उभ्याने ऐकते आणि डब्याचा ठेका गाण्याशी कधीच जुळत नाही. १९८२ मध्ये न्यूयॉर्कला आफ्रिका बंबाटाने त्यातली धून आणि त्यांच्याच ‘नंबर्स’मधला ठेका उचलून ‘प्लॅनेट रॉक’ केलं, आणि तिथून इलेक्ट्रो हा प्रकार निघाला. म्हणजे उचलण्याचं म्हणाल तर सगळ्यांनीच उचललंय.

त्याच १९८२ साली मुंबईत एक रेकॉर्ड निघाली.

चरणजीत सिंग हे नाव सिनेमाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत कधी आलं नसेल, पण त्यांचा बेस गिटार आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे, सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवरच्या रेकॉर्डी काढणारे, लग्नसमारंभांत आपला बँड घेऊन जाणारे कामसू वादक. त्यांनी तीन नवी जपानी यंत्रं घेतली होती, तिन्ही रोलंडची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ ही चांदीच्या रंगाची, पुस्तकाएवढी बेसची पेटी. तिन्ही एकमेकांना जोडली, तबला बाजूला ठेवला, आणि एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. रेकॉर्डचं नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. खपली नाही. सिनेमात डिस्को चाललंय तर डिस्कोतच काही वेगळं करू, इतका साधा त्यांचा हिशोब होता.

टीबी-३०३ चं प्रकरण मजेशीर आहे. तादाओ किकुमोतोंनी ते बनवलं होतं एकट्या गिटारवाल्यासाठी, बेसवाला न मिळाल्यास साथीला. साथीला म्हणून ते कुणालाच आवडलं नाही. सूर एकीकडे भरायचे, त्यांची लांबी दुसरीकडे, मग कुठल्या सुरावर जोर आणि कुठल्या सुरावरून कुठल्या सुरावर घसरायचं ते वेगळं. पुरते भंजाळून जाल. बॅटरी काढली की भरलेलं सगळं विस्कटून भलतंच वाजायला लागायचं. बेस गिटारसारखा आवाज तर अजिबात नाही. ओल्या चिखलातून पाय ओढून काढावा तसा तो आवाज. १९८४ पर्यंत रोलंडने ते बनवणं बंदच केलं आणि मग ती यंत्रं जुन्या बाजारात पडेल भावात आली. शिकागोत डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या पोरांच्या हाती त्यातलं एक लागलं. त्यांनी वाजणाऱ्या ओळीला हात न लावता नुसत्या गोल कळा पिळायला सुरुवात केली, तर आवाज किंचाळायला, गुरगुरायला लागला. त्यांनी ते तसंच चालू ठेवलं, अकरा मिनिटांहून जास्त. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’, १९८७. रॉन हार्डी या डीजेने त्याची टेप एकाच रात्री चार वेळा लावली. पहिल्यांदा नाचणारे निघून गेले, चौथ्या वेळी वेडे झाले, असं पिअर सांगतो. अ‍ॅसिड हाउस हा प्रकार तिथून सुरू झाला असं धरतात.

आणि चरणजीत सिंगांची रेकॉर्ड त्याआधी पाच वर्षं. एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला २००२ मध्ये ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्याने ती परत काढली, आणि जगभरच्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली. काहींना वाटलं कुणीतरी हल्लीच्या संगीतकाराने खोटी जुनी रेकॉर्ड बनवून थट्टा केलीय. कारण ठेका तोच, घसरणारा चिखलाचा बेस तोच, फक्त वर राग. भैरवच्या सुरुवातीला यंत्राच्या आवाजात ‘ओम नमः शिवाय’. मग आपल्याकडच्या ग्रुपांवरून मेसेज फिरायला लागले, अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतीयाने लावला. मला ते वाचून आधी छाती फुगल्यासारखं झालं आणि लगेच कसंतरीच झालं. शोध कसला? शिकागोच्या त्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती, आणि ती ऐकायला चरणजीत सिंगांनी त्यांच्यासाठी केलीही नव्हती. एकच यंत्र दोन शहरांत गेलं, दोन्हीकडे त्याने आपला स्वभाव दाखवला. ३०३ ला सुरावरून सुरावर घसरता येतं. आपल्या माणसाला त्यात मींड दिसली असणार, शिकागोच्या पोरांना कळ पिळण्यातली झिंग. इथे हात वर, पट्ट्यांवर आहे आणि मशीन खाली निमूट ठेका धरून. तिथे मशीनलाच गायला लावलंय. हे दोन वेगळे उद्योग आहेत.

भाच्याच्या वाक्यात मला जे खुपत होतं ते इथे जरा स्पष्ट झालं. या रेकॉर्डींना आपण ‘काळाच्या पुढच्या’ म्हणतो, पण कुठल्याही रेकॉर्डला पुढची-मागची करतो तो तिच्यावर नाचणारा. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ला रॉन हार्डीचा हॉल होता, चौथ्यांदा ऐकून घेणारी माणसं होती. ‘सिंथेसायझिंग’ला १९८२ च्या मुंबईत कोण होतं? रागवाल्यांना त्यात डिस्को दिसला असेल, डिस्कोवाल्यांना राग. कल्याणजींच्या पुंगीला मात्र आख्खी वरात मिळाली, म्हणून तिचा वंश सत्तर वर्षं वाढतोय, आणि इतका वाढलाय की ती कधी यंत्र होती हेच पुसलं गेलं. नाव गेलं, यंत्र गेलं, नाच उरला. माझ्या मते हे जास्त मोठं यश आहे. पण ते मोजणार कसं आणि पुन्हा छापून विकणार कोण?

कल्याणजींच्याच घरातून आणखी एक धागा निघतो. त्यांचा धाकटा भाऊ बाबला, तालवाद्यांचा माणूस. ऐंशीच्या दशकात त्याच्या डिस्को दांडियाच्या कॅसेटींनी आमची नवरात्र खाल्ली. ढोलावर इलेक्ट्रॉनिक ड्रम, गरब्याच्या सहा मात्रांवर डिस्कोचा धक्का, आणि सोसायटीच्या गच्चीवर आम्ही उसन्या चनिया-चोळीत. चनिया-चोळीचा नाडा मला कधी नीट बांधता आला नाही, पण ते असो. त्या कॅसेटी कुणी संग्राहक शोधत असतील तर माझ्याकडे एक आहे, टेप ताणली गेलीय, सूर उतरून दांडिया भजनाच्या लयीत चालतो.

या सगळ्यात दादाचं मत मला हवं होतं. परवा त्याला चरणजीत सिंगांचा ‘ललित’ ऐकवला. तो अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत बसला आणि गाणं संपल्यावर पहिला प्रश्न, "ह्यात खाली कुठंय?"

मला हे सुचलं नव्हतं. डिस्कोत चारही ठोके सारखे, प्रत्येकावर बास ड्रम. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, म्हणजे हात उलटा पडतो, ताल श्वास घेतो, त्यावरून गाणाऱ्याला कळतं आपण कुठे आहोत आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, किती लांब आहे. इथे कुणी श्वासच घेत नाही. दादाला त्याने धाप लागल्यासारखं झालं. "पण मध्यम बघ," तो म्हणाला, "दोन्ही मध्यम एकाला एक चिकटून घेतलेत, पंचमाला हात नाही. माणूस शिकलेला आहे." तोडी ऐकून मात्र तोंड वाकडं केलं. पट्ट्यांवरचा कोमल गंधार तोडीला चढाच लागणार, त्याला बाप्या कोण काय करणार, पेटीवाल्यांचीही तीच रड. मी त्याला सांगितलं की चरणजीत सिंग २०१५ मध्ये मुंबईतच गेले, पण त्याआधी उतारवयात युरोपात जाऊन त्यांनी हे सगळं पुन्हा वाजवलं, आणि विशी-पंचविशीतली पोरं समोर नाचली. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "लग्नात वाजवलेल्या माणसाला नाचणारे दिसले की बरं वाटतं."

आणि माळ्यावरून त्याचा जुना कीबोर्ड काढायला लावला. अडॅप्टर कुठे गेला देव जाणे. स्टेशनजवळच्या दुकानात नऊ व्होल्टचा मिळाला, पण त्याची मधली पिन प्लस आणि कीबोर्डाला हवी मायनस. दादाने वायर मधे कापली, तारा उलट्या करून डाग दिला, वर इन्सुलेशन टेप गुंडाळली. वहिनी पंख्याखाली बसून जळक्या वासाबद्दल बोलत होती. ठेक्यांच्या बटणांत वॉल्ट्झ, बोसानोव्हा, रुंबा आणि कडेला डिस्को. डिस्को दाबलं, लय खाली खाली आणून जेमतेम चालेल इतकी केली, आणि ललितचा आलाप धरला. सम मशीन दाखवत नव्हतं, म्हणून ती त्यानेच ठरवली, दर सोळा ठोक्यांनी मान हलवून. भाचा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "बाबा, सोळा नाही, बत्तीस मोजा. बत्तिसाव्याला सोडा, मग बेस येऊ दे." दादा म्हणाला बत्तीसपर्यंत कोण जगतंय. त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं.